बादलीचा खेळ आणि दुसऱ्या मजल्याचा जिना

बापाचं बालपण मुळात घडलंच नाही, असं पोटच्या मुलीने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं तर त्याने काय करावं? धाकटेसाहेब आधी घोटभर पाणी प्यायले, मग त्यांनी चष्मा पुसला, आणि मग शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "पुन्हा शोध."

"बाबा, सगळीकडे शोधलं," मुलगी मोबाइल त्यांच्यापुढे नाचवत म्हणाली. "त्या काळातल्या प्रत्येक व्हिडिओ गेमची यादी आहे इथे. कुणीही न खेळलेल्या गेमचीसुद्धा. विहीर, बादली आणि खेकडे असलेला एकही गेम नाहीये."

"तुम्हाला स्वप्न पडलं असेल," बायको म्हणाली. "मागे नाही का, गॅस बंद केल्याचं स्वप्न पडलं होतं आणि तुम्ही तेच खरं धरून चाललात?"

गॅसचा इथे काडीचाही संबंध नव्हता. पण संसारात कुठलंही प्रकरण कायमचं मिटत नाही. त्याला नुसती पुढची तारीख पडते. धाकटेसाहेबांनी ताट पुढे सरकवलं आणि आणखी भाजी घेणार नाही, असं मानी चेहऱ्याने सांगितलं. भाजी तशीही संपली होती.

धाकटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. घरात दोनच भावंडं. मोठी ती ताई, म्हणून उरलेला तो धाकटा. पुढे नोकरी लागली, केस गेले, पोट आलं, पाणीपुरवठा कार्यालयात एक आख्खा विभाग हाताखाली आला, तरी नातेवाइकांत ते धाकटेच राहिले. लग्नानंतर सासरच्यांनी मानाने 'साहेब' जोडलं, एवढाच काय तो उत्कर्ष. आता पन्नाशी दारात उभी होती, आणि अशा वयात माणसाला कुणी खोटं पाडलं तर फार लागतं.

बादलीचा खेळ त्यांना जसाच्या तसा आठवत होता. वडिलांनी एकदा प्रदर्शनातून टीव्हीला जोडायचा एक करडा डबा आणला होता. खोक्यावर विमानाचं चित्र होतं आणि आत विमानाचा एकही खेळ नव्हता. सोबत पिवळी डबी होती. ती त्या डब्यात खोचली की शंभर खेळ दिसतील, असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. प्रत्यक्षात चार-पाचच खेळ होते आणि तेच रंग बदलून पुन्हा पुन्हा यायचे. पण यादीच्या अगदी तळाशी, जिथे शहाणा माणूस सहसा पोचत नाही तिथे, बादली होती. खरं नाव परक्या लिपीत होतं, म्हणून भावंडांनीच हे नाव ठेवलं. दोन बुटके गडी होते, एक लाल आणि एक हिरवा. लाल ताईचा, हिरवा धाकट्याचा. दोघांनी विहिरीत उतरायचं, बादली भरायची आणि शिड्यांमागून शिड्या चढत टेकडीवरच्या घरापर्यंत ती न्यायची. वाटेत खेकडे असायचे. खेकड्याने बादलीला चिमटा काढला की तिला भोक पडायचं आणि पुन्हा विहिरीत उतरावं लागायचं. घराच्या खिडकीत एक म्हातारी होती, ती काही कारण नसताना मूठ उगारायची. तिला हे दोघं घरमालकीण म्हणायचे.

आता इतक्या तपशिलांचं स्वप्न कुणाला पडतं का? धाकटेसाहेबांनी हात धुतले आणि थेट ताईला फोन लावला. मुलीला ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला. ही त्यांची पहिली चूक.

"ताई, आपला तो बादलीचा खेळ आठवतो ना गं?"

"कसली बादली?"

"अगं, करड्या डब्यावरचा. लाल गडी तुझा, हिरवा माझा. खेकडे. घरमालकीण."

"नाही रे बाबा," ताई म्हणाली. "मला नाही आठवत. तू जेवलास का?"

मुलीने आणि बायकोने इतक्या समजूतदारपणे टेबल आवरलं की धाकटेसाहेबांना ते टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं.

खरं सांगायचं तर मुलीने खोटं पाडलं याचं त्यांना तितकं वाईट वाटलं नव्हतं. मुलांचं कामच ते. पण आई-वडील गेल्यापासून त्यांच्या लहानपणाचा जगात एकच साक्षीदार उरला होता आणि तो साक्षीदार असा भर दरबारात उलटला होता. त्यात महिनाअखेरीस ताई दोन दिवस राहायला येणार होती आणि तिथून पुढे लेकाकडे, समुद्रापलीकडे, कायमची जाणार होती. घर विकून झालं होतं, सामान वाटून झालं होतं. तिने जाण्याआधी एकदा तरी "हो रे, आठवलं" म्हणावं, एवढीच धाकटेसाहेबांची इच्छा होती. बादली शोधायची, ताईपुढे चालू करायची आणि तिच्या तोंडून ते वाक्य ऐकायचं, असा त्यांनी त्या रात्री बेत केला. बेत दिसायला अगदी छोटा होता.

मुलीलाही मनातून वाईट वाटलं असावं, कारण दोन दिवसांनी तिनेच एक गृहस्थ शोधून काढले. दूरच्या गावी राहणारे हे गृहस्थ जुने, नावगाव नसलेले गेम जमवायचे. त्यांच्याकडे अशा बेनाव डब्यांची खोकीच्या खोकी होती. त्यांनी निरोप पाठवला: तोंडी वर्णनावरून काही कळत नाही, चित्र काढून पाठवा.

धाकटेसाहेबांनी चित्र काढलं. ऑफिसात काढलं, ही दुसरी चूक. घरी काढलं असतं तर मुलगी हसली असती, म्हणून दुपारच्या सुस्त वेळी ऑफिसच्या लांबड्या कागदावर पट्टी धरून त्यांनी विहीर काढली, शिड्या काढल्या, बादलीवाले दोन गडी काढले, खेकडे काढले आणि वर खिडकीत घरमालकीण. चित्र इतकं झकास जमलं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. मागच्या बाजूला, त्या गृहस्थांना कळावा म्हणून, त्यांनी घरचा पत्ता लिहिला. तेवढ्यात मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. कागद टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवून ते गेले आणि परत येईपर्यंत कागद गायब झाला होता.

त्या कार्यालयाची एक रीत होती. ट्रेमध्ये ठेवलेला कागद म्हणजे आलेला कागद. आवक लिपिक दिवसातून दोनदा फिरायचा, ट्रे रिकामे करायचा आणि हाती येईल त्यावर शिक्का मारायचा. एकदा तर त्याने एका कारकुनाच्या चष्म्याच्या पावतीवर शिक्का मारला होता. ती पावती अजून कुठल्या तरी विभागात निर्णयाची वाट पाहत होती. शिक्का मारण्यापूर्वी कागद वाचणं हे आपलं काम नाही, असं त्याचं ठाम मत होतं आणि नियमही त्याच्याच बाजूने होते.

"माझा एक कागद चुकून आलाय तुमच्याकडे," धाकटेसाहेब त्याच्याकडे जाऊन शक्य तितक्या सहज म्हणाले.

"विहीर, शिडी व इतर?" लिपिकाने न बघता विचारलं. "पुढे गेला."

"परत घेता येईल का?"

"येईल की. अर्ज करा. कागद मुळात कोणत्या प्रयोजनासाठी सादर केला होता, ते लिहा आणि आता ते प्रयोजन का उरलं नाही, ते लिहा."

धाकटेसाहेब अर्ज लिहायला बसले. 'मी लहानपणी खेळत असलेल्या एका खेळाचे स्मरणचित्र' इथवर लिहून त्यांनी स्वतःचा हुद्दा वाचला आणि अर्ज फाडून टाकला. त्यांनी विचार केला, कुणाच्या लक्षातही येणार नाही. घरी येऊन मुकाट्याने दुसरं चित्र काढलं, मुलगी हसली, आणि ते त्या गृहस्थांकडे रवाना झालं.

पण कार्यालयात पहिलं चित्र हिंडत होतं आणि हिंडता हिंडता बाळसं धरत होतं. आठवड्याभराने ते शेऱ्यांसह त्यांच्याच टेबलावर परत आलं. 'शिडीची रुंदी नमूद नाही. नमूद करावी.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'खेकड्यांचा बंदोबस्त कोणत्या खात्याने करावयाचा, याचा खुलासा व्हावा.' आणि त्याखाली हिरव्या शाईत, 'खिडकीतील महिला लाभार्थी आहे काय?'

इथे खरं तर धाकटेसाहेबांनी कागद खिशात घालायला हवा होता. पण पंचवीस वर्षांची नोकरी माणसाच्या हाडात मुरते. समोर शेरा आला की त्याला उत्तर द्यायचं, याशिवाय त्यांच्या हाताला काही ठाऊकच नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'शिडी एका वेळी एक इसम जाईल एवढी.' लिहिलं, 'खेकडे हंगामी असून त्यांना स्वतंत्र खात्याची आवश्यकता नाही.' घरमालकिणीपाशी पेन थोडं अडखळलं. शेवटी लिहिलं, 'होय, पाणी तिच्यासाठीच आहे.' सही केली आणि कागद ट्रेमध्ये ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की आपण काय केलं, पण तोवर लिपिक येऊन गेला होता.

मधल्या काळात एक आनंदाची गोष्ट घडली. त्या गृहस्थांचा फोन आला. मुलीने घेतला, बराच वेळ बोलली आणि आत येऊन म्हणाली, "बाबा, सॉरी. आहे हा गेम. त्यांच्याकडे याची एकच डबी आहे, ती ते खेळायला पाठवतायत. सोबत तो करडा डबाही देतायत."

धाकटेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. हा त्यांच्या आयुष्यातला फार मोठा क्षण होता.

"म्हणजे आणखी एकाला तेच स्वप्न पडलं तर," बायको म्हणाली.

पार्सल वेळेत आलं. करडा डबा हुबेहूब तोच होता. हातात धरायचे दोन चौकोनी ठोकळेही तसेच, त्यांच्या लाल बटणांसकट. धाकटेसाहेबांनी त्यातला हिरव्या टोकाचा ठोकळा नुसता हातात घेतला आणि त्यांना वडिलांच्या खोलीतल्या जुन्या सतरंजीचा वास आला. वासाबद्दल त्यांनी घरात काही सांगितलं नाही, कारण वासाचंही स्वप्न पडतं असं कुणी म्हणालं असतं.

अडचण वेगळीच निघाली. डब्याला तीन रंगांच्या तीन वायरी होत्या आणि घरच्या भिंतीवरच्या चपट्या टीव्हीला तसली भोकंच नव्हती. टीव्ही दुरुस्तीवाला आला. "दहा मिनिटांचं काम," असं म्हणून त्याने टीव्ही उघडला. तासाभराने तो जोडून चालू केला तेव्हा बादली काही दिसत नव्हती, पण इतर सगळं हिरवं दिसू लागलं होतं. बायकोच्या मालिकेतलं आख्खं कुटुंब आजारी असल्यासारखं वावरत होतं.

"याला पोटवाला टीव्हीच पाहिजे, जुना," दुरुस्तीवाला शांतपणे म्हणाला. "हे मी आधीच सांगणार होतो."

पोटवाला टीव्ही इमारतीतच होता. तळमजल्याच्या अडगळीच्या खोलीत, रंगाच्या डब्यांखाली. पण तो सोसायटीचा होता आणि सोसायटी म्हणजे सेक्रेटरी. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि जिन्यातला बल्बसुद्धा स्वतःच्या पदरचा असल्यासारखं वागायचे.

"देतो," ते म्हणाले. "पण कारण काय लिहू?"

"बहीण येतेय," धाकटेसाहेब म्हणाले.

पाहुणे आले की लोक चादरी मागतात, असं सेक्रेटरींनी सुनावलं. पण बादलीचं सगळं ऐकल्यावर ते एकाएकी विरघळले. त्यांच्याही लहानपणी एक खेळ होता म्हणे, त्यात एक बदक टोपल्या विणायचं. कुणी विश्वासच ठेवत नाही. ही बातमी जिन्यातून खालीवर पसरली आणि मग जो तो सल्ला घेऊन दारात. सगळ्यांचे सल्ले एकाच विषयावर: डबी चालत नसेल तर तिच्यात फुंकर कशी मारायची. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, फुंकर आखूड आणि कोरडी हवी. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, डबी बदला पण फुंकर मारू नका, त्यांच्या नातवाने फुंकून फुंकून पंखा बिघडवला होता. पंखा फुंकून कसा बिघडतो, हे विचारायचं धैर्य कुणालाच झालं नाही.

ताई येणार त्या दिवशी धाकटेसाहेबांनी रजा टाकली. गाडी संध्याकाळची होती, त्यामुळे सकाळी टीव्ही तिसऱ्या मजल्यावर चढवायचा, दुपारी जोडायचा आणि संध्याकाळी ताईला सोफ्यावर बसवून हातात ठोकळा द्यायचा, असा सरळ कार्यक्रम होता. पोटवाला टीव्ही ज्याने कधी उचलला नाही, त्याला हे सोपं वाटेल. त्याचं सगळं वजन काचेच्या बाजूला असतं आणि धरायला जागा नसते. पुढे दुरुस्तीवाला, मागे धाकटेसाहेब आणि बाजूला सेक्रेटरी, जे उचलत नव्हते पण "सांभाळून, सोसायटीची वस्तू आहे" असं सतत म्हणत होते. अशी ही मिरवणूक दर पायरीवर दम खात दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत पोचली. तिथे दुरुस्तीवाल्याच्या कमरेत काहीतरी कट्‌ केलं.

त्याने टीव्ही सोडला नाही, हे त्याच्या धंद्याला शोभेसं झालं. हळूच खाली टेकवला, मग स्वतःही टेकला आणि मग त्याला सेक्रेटरींच्या दिवाणावर निजवावं लागलं. दातांचे डॉक्टर धावत आले, कंबर बघून म्हणाले, हे माझ्या शाखेत येत नाही, आणि तिथेच थांबले. टीव्ही जिन्याच्या वळणावर असा बसला होता की वरून खाली येणाऱ्याला कठड्याला चिकटून, पोट आत घेऊन जावं लागत होतं. पुन्हा उचलायला माणूस नव्हता. घड्याळ पुढे पळत होतं.

"इथेच जोडा," दिवाणावरून दुरुस्तीवाल्याचा आवाज आला. "प्लग सेक्रेटरींच्या घरातून घ्या."

धाकटेसाहेबांना रडू यायचं बाकी होतं. जाहीर जिन्यात, सगळ्या इमारतीसमोर, ताईला काय ते आठवायला लावायचं? पण दुसरा इलाज नव्हता. मुलीने सेक्रेटरींच्या बैठकीतून वायर ओढली, बायकोने पायऱ्यांवर दोन उशा टाकल्या आणि दुरुस्तीवाला उघड्या दारातून आडव्यानेच सूचना देऊ लागला. टीव्ही लागला. मुंग्या दिसल्या. पहिल्यांदा धाकटेसाहेबांनी फुंकर मारली, मुंग्याच. डॉक्टरांनी आखूड आणि कोरडी मारली, मुंग्या थोड्या तिरक्या झाल्या. सेक्रेटरींनी मारली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींनी, ज्यांचा फुंकरीवर विश्वास नव्हता, डबी नुसती पदराने पुसून दिली आणि पडद्यावर टुंग टुंग टिंव करत विहीर उमटली. लाल गडी आला. हिरवा गडी आला. वर खिडकीतून घरमालकिणीने मूठ उगारली आणि आख्ख्या जिन्याने टाळ्या वाजवल्या.

नेमके त्याच वेळी खालून बुटांचे आवाज आले. पाणीपुरवठा कार्यालयाचे पाहणी इंजिनियर हातात फाइल आणि खांद्याला मोजपट्टी अडकवून वर येत होते. त्यांनी धाकटेसाहेबांना ओळखलं.

"साहेब, तुम्ही इथे?" ते म्हणाले. "मला या पत्त्यावर एका विहिरीच्या प्रत्यक्ष पाहणीसाठी पाठवलंय. तिसरा मजला लिहिलंय. मला तेव्हाच शंका आली होती."

त्यांनी फाइल उघडली. चित्रावर बोट ठेवलं. मग टीव्हीच्या पडद्याकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे पाहिलं. "विहीर आहे," ते पुटपुटले. "शिड्या आहेत. एका वेळी एक इसम, बरोबर. खेकडे आहेत. महिला आहे." त्यांचा चेहरा गंभीर झाला. "साहेब, मंजुरीच्या आधीच काम सुरू केलंत?"

धाकटेसाहेबांनी सगळं खरंखरं सांगून टाकलं. करडा डबा, ताई, तिचा फोन, ट्रे, सगळं. इंजिनियरांनी शांतपणे ऐकून घेतलं, फाइल बंद केली आणि एका पायरीवर बसून म्हणाले, "मग पाहणी केल्याशिवाय शेरा कसा लिहू? चालू द्या."

आणि तेवढ्यात ताई आली. गाडी वेळेच्या आधी पोचली होती. हातात एक बॅग, खांद्याला दुसरी, धापा टाकत ती वळणावर पोचली आणि समोरचं दृश्य बघून थबकली. पायऱ्यांवर माणसं, उघड्या दारातून दिसणारा, आडवा झालेला एक, उशा, वायरी आणि मध्ये घामाघूम झालेला भाऊ, हातात एक ठोकळा तिच्यापुढे धरून.

"काय झालं रे? कुणाला काही झालंय का?"

"नाही गं. ही बादली. ताई, ही बघ. लाल तुझा."

ताईने पडद्याकडे निरखून पाहिलं. सगळा जिना तिच्या तोंडाकडे बघत होता. धाकटेसाहेब सगळ्यांत जास्त.

"नाही रे," ती ओशाळून म्हणाली. "खरंच नाही आठवत. पण तू एवढं केलंयस तर बसते."

कार्यालयातला तमाशा, हिरवा टीव्ही, दुरुस्तीवाल्याची कंबर, सगळं कशासाठी केलं होतं? धाकटेसाहेब तिच्या शेजारी उशीवर बसले. मुलीने बटण दाबलं आणि खेळ सुरू झाला.

पहिल्यांदा ताईचा गडी नुसताच जागच्या जागी उड्या मारत होता. मग तो विहिरीत उतरला. मग बादली भरून वर आला. ताईने जीभ दातांत धरली, खांदा उजवीकडे झुकवला, जणू तिच्या झुकण्याने गडी शिडीवर चढणार होता, आणि तो चढलाही. खेकड्यावरून त्याने उडी मारली. दुसऱ्या शिडीवर, तिसऱ्या शिडीवर, कुठेही न अडखळता लाल गडी पळत होता आणि धाकटेसाहेब मात्र अजून विहिरीच्या काठावर फुटकी बादली घेऊन उभे होते. लाल गडी टेकडीवर पोचला. घराच्या दारापर्यंत पोचला. आणि तिथे थांबला.

"आत्या, आत शिरा ना!" मुलगी ओरडली. "ही शर्यत आहे. ते डबीवाले काका म्हणाले, जो आधी दारातून आत जाईल तो जिंकला. मग पुढचं चित्र येतं!"

"पुढचं चित्र?" धाकटेसाहेबांच्या तोंडून निघालं. बादलीत पुढचं चित्र असतं, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"शिरा, शिरा!" सेक्रेटरी पायरीवर हात आपटत म्हणाले. "काम वेळेत पूर्ण करा!" इंजिनियर म्हणाले. कोपऱ्यातला वेळेचा आकडा भराभर कमी होत होता. ताईचा अंगठा बटणावर होता, पण ती तो दाबत नव्हती. लाल गडी घराकडे पाठ करून शिडीकडे तोंड करून उभा होता.

"मी नाही जायची," ताई म्हणाली. "हा अजून खाली आहे."

"अहो, पण तो खाली राहिला तरच तुम्ही जिंकाल!" डॉक्टरांनी समजावलं.

"राहू दे ते जिंकणं." ताईने पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढून भावाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला. "तू रडायचास," ती हळूच म्हणाली. "मी पुढे गेले की विहिरीत एकटाच राहिलो म्हणून रडायचास. मग मी दारात उभी राहायचे. तू येईस्तोवर वेळ संपलेला असायचा."

दिवाणावरच्या दुरुस्तीवाल्याने कंबर विसरून मान वर केली.

"तू म्हणालीस, काही आठवत नाही," धाकटेसाहेब कसेबसे म्हणाले.

"खेळ नाहीच आठवत रे," ताई म्हणाली. "खेकडे कसे दिसतात हे मला आत्ता कळलं. तुझ्यासाठी थांबायचं असतं, एवढंच माहीत होतं. चल, चढ आता. किती वेळ उभी राहू?"

धाकटेसाहेबांना चढायचं होतं. पण चष्म्याच्या आत पाणी साचलं होतं आणि शिडी कुठे, खेकडा कुठे, काहीएक दिसत नव्हतं. ते नुसतेच बटणं दाबत राहिले. वेळ संपल्याची टिंव टिंव सुरू झाली, तरी लाल गडी दारातच उभा होता.